तळ्याकाठी टेंट आणि कॉटेज चालवणाऱ्या कोकणातल्या माझ्या भावाबहिणींना: पाहुण्यासोबत एक माणूस द्या

नमस्कार,

मी सिंधुदुर्गातल्या एका लहानशा गावात राहते. घरामागे पाच मिनिटांवर तळं आहे आणि तळ्याकडच्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, आम्ही दोन चिऱ्याच्या खोल्या बांधल्यात, सीझनला चार टेंट लावतो, आठ वर्षं झाली आता. जेवणाखाणाचं मी आणि माझी जाऊ बघते, पाण्यावरचं सगळं माझ्या दिराकडे. म्हणजे मी काय मोठी रिसॉर्टवाली नाही, तुमच्यातलीच एक आहे, आणि हे पत्र भांडायला लिहीत नाहीये. पण गेल्या मे महिन्यात जे डोळ्यांनी बघितलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि सांगायचं तर तुम्हालाच सांगायला हवं.

दुपारचे चार वाजले होते. दीर आमच्या बाजूच्या कातळावर गरी टाकून बसलेला, मी त्याला चहा घेऊन गेले. आमच्या जागेला लागून दुसरा एक कॅम्प आहे, नाव लिहिणार नाही, कारण हे उद्या माझ्याकडेही होऊ शकतं. तिथे एक कुटुंब पाण्यात उतरलेलं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा ट्यूब धरून तरंगत होता, वारा सुटलेला, ट्यूब हातातून सुटली आणि सरकत लांब गेली. मुलगा जागच्या जागी राहिला. ओरडला नाही, हात वर केला नाही, नुसतं डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, आणि हात पाण्यावर दाबल्यासारखे खालीवर. मला खरंच वाटलं खेळतोय. बाप पंधरा फुटांवर गुडघाभर पाण्यात, पाठ करून उभा, धाकट्या मुलीचा व्हिडिओ काढत होता.

दीर ताडकन उठला, "वयनी, ता पोर बुडता!" आणि काठी घेऊन कातळावरून धावत सुटला. पाण्यात उडी नाही मारली त्याने. कडेला पालथा पडला, बांबूची काठी थेट पोराच्या छातीशी नेली आणि पोराने तिला मिठी मारली. एवढंच. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल, पण ती माऊली पोराला मांडीवर घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही, मी केलेला चहा तिच्या शेजारी तसाच गार झाला.

नंतर मी त्या कॅम्पवर कामाला असलेल्या मुलाला विचारलं, अरे लाईफ जॅकेटं कुठे आहेत? तर सात जॅकेटं स्टोअररूममध्ये, स्टोअररूमला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर कुडाळला सामान आणायला गेलेला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बघितली ती जॅकेटं. दोन जॅकेटांची बक्कलं तुटलेली, एकाला बक्कलाऐवजी सुतळी बांधलेली, एकाचा फोम उंदरांनी कुरतडलेला, आणि लहान मुलाच्या मापाचं एकही नाही. तो कामाचा मुलगा एकोणीस वर्षांचा, घाटावरून आलेला, दोन महिन्यांपूर्वी लागलेला, त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, रडत होता बिचारा. त्याला पाहुण्यांच्या खोल्या झाडायला, बार्बेक्यू पेटवायला आणि गाड्या पार्क करायला ठेवलेला. पाण्याकडे बघायला कोणी ठेवलेलंच नव्हतं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे आणि तीच तुमच्यापुढे ठेवायचीय. आपण पाहुण्याला खोली देतो, टेंट देतो, घावणे-चटणी देतो, सोलकढी देतो, आता कायाक आणि सायकलीसुद्धा देतो, पण सोबत माणूस देत नाही. गावातला, तळं ओळखणारा, पाहुण्याला बाहेर घेऊन जाणारा आणि परत आणणारा माणूस. तो नसला की दोन गोष्टी होतात, एक तर पाहुणा कंटाळतो आणि स्पीकर लावून पीत बसतो, नाहीतर मनाला येईल तसा पाण्यात उतरतो. पुष्कळदा दोन्ही एकाच दुपारी.

आपल्यातले बरेच जण म्हणतात की पाहुण्यांना दारू आणि डीजेच हवा असतो, मागणीच ती आहे. मला नाही पटत. मागच्या मार्चमध्ये डोंबिवलीहून एक कुटुंब आलं होतं, सोबत सत्तरीची आजी, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून उठायला तयार नव्हती. मुलगा-सून पहिल्याच संध्याकाळी विचारायला लागले, इथे करायला काय आहे? सकाळी सहाला दीर त्यांना घेऊन गेला, आजींना पण, हळूहळू, काठी धरून. तळ्याच्या वरच्या अंगाला जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं असतं, आमच्याकडची जुनी माणसं धनेशाला गरुडच म्हणतात. मादी ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर दिवसभर वड-उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो, नंतर पिल्लांनाही. लांब, झाडाआड पाऊण तास बसले सगळे, कारण जवळ गेलं तर नर बुजतो, यायचा बंद होतो, आणि तो आला नाही तर आत मादी आणि पिल्लं उपाशी. मग पंखांचा तो मोठा आवाज झाला, फसफस करत, आणि नर आला, एकेक फळ घशातून वर काढून फटीत द्यायला लागला. आजी परत आल्या त्या थेट चुलीपाशी माझ्याकडे, आणि मला सगळं सांगितलं, जणू मी ते कधी बघितलंच नव्हतं. खुर्चीतून न उठणारी बाई दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तयार होऊन ओटीवर बसलेली. त्या घरातल्या माणसांनी तीन दिवसांत एकदाही स्पीकर मागितला नाही.

तर करायला खूप आहे, फक्त ते वेळेला धरून आहे आणि वेळ गावच्या माणसाला कळते. पाण्यावर जायची वेळ सकाळची, उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत. तेव्हा जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा असतो, तोही हलका, तळं आरशासारखं. अकराच्या पुढे खारा वारा उलटा आत यायला लागतो आणि दुपारी त्याचा जोर असतो, नवख्या माणसाची कायाक तो पार दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतो आणि परत येताना हातातला दम संपतो. आपल्या रापणकरांना, होडीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही, पण पाहुण्याला कोण सांगणार? तो नाश्ता करून, आंघोळ करून, साडेअकराला म्हणतो चला आता बोटिंग करूया, आणि आपण पैसे घेऊन वल्हं हातात देतो. आम्ही दहानंतर कायाक काढतच नाही, संध्याकाळी वारा पडला तर पाऊणेक तास. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारी ढग भरून आले, लांब गडगडलं तरी सगळ्यांना पाण्याबाहेर, कातळावरून आणि मोठ्या झाडाखालूनही उठवून घरात. पाहुणे कुरकुरतात कधीकधी. कुरकुरू देत.

सकाळच्या त्या दोन तासांत काय काय दिसतं ते तुम्हाला मी काय सांगणार, पण पाहुण्याला ते दाखवावं लागतं, नाहीतर त्याला सगळे बगळेच. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला, खंड्या एका फांदीवरून सूर मारून परत त्याच फांदीवर, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, हळदीकुंकू बदकाच्या चोचीवरचं ते पिवळं आणि कपाळाजवळचं लाल. नशीब असलं तर पाणमांजरं. पावसाळ्यात आलात तर ओढ्याच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या, मुठीत मावेल एवढा, आणि रंग असे की फोटोत खरे वाटत नाहीत. पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढत येणारे चढणीचे मासे, ते तर आपल्याकडचा सणच. लहान मुलांना दीर गरी द्यायला शिकवतो, कणकेची गोळी लावून, मासा मिळाला तर हात ओला करून धरायचा आणि परत सोडायचा. मुंबईची मुलं दोन दोन तास मोबाईलशिवाय बसतात, आईबाप येऊन विचारतात तुम्ही नेमकं काय केलंत.

रात्रीचं वेगळं. डिसेंबर-जानेवारीत जेवणं झाल्यावर आम्ही सगळे दिवे बंद करतो, खरंच सगळे, आणि चटया टाकून बसतो. मृगाचं ते तिकांडं, खाली व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका, माझ्या सासऱ्यांना शेतीच्या हिशोबाने सगळी नक्षत्रं पाठ आहेत, ते सांगतात आणि पाहुणे ऐकतात. मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला काजवे. पण इथे एक विनंती आहे, तळ्यावर फ्लडलाईट लावू नका हो. काजवा लुकलुकतो तो मादीला बोलवायला, आपल्या उजेडात तिला तो दिसत नाही, आणि त्यांच्याकडे त्या कामाला थोडेच दिवस असतात. एका कॅम्पने झाडांवर लायटिंगच्या माळा सोडल्या, मी बघितलंय, त्या झाडांवर पुढच्या दोन वर्षांत आम्हाला एक काजवा दिसला नाही. आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा तर २००० सालापासून देशभरचा नियमच आहे, त्यासाठी कोणी तक्रार करायची वाट बघायला नको.

सायकल, सड्यावरची म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरची संध्याकाळ, ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर उगवणारी फुलं, जवळपास असतील तर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, जी २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, या सगळ्याला पण सोबत माणूस लागतोच, कातळावर चालताना फुरसं, तो विषारी साप, कुठे असतं ते पाहुण्याला माहीत नसतं. चप्पल नको, बूट घाला, टॉर्चशिवाय टेंटबाहेर पडू नका, हे दोन वाक्यांत सांगून होतं. दोडामार्ग-बांद्याकडच्या मंडळींनी जंगलात नेताना गोचिडीचं पण सांगा, २०१६ पासून तिकडे गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाने माणसं गेलीत, पूर्ण बाह्या आणि आल्यावर अंग तपासणं एवढं तरी करूया.

आता पाण्याबद्दल परत बोलते, कारण हे पत्र त्यासाठीच आहे.

आपली तळी आणि धरणं समुद्रासारखी दिसत नाहीत म्हणून लोकांना सोपी वाटतात. तळाला गाळ असतो, पाय रुतला की निघत नाही. धरण असेल तर काठ एकदम खोल जातो, दोन पावलं कंबरभर आणि तिसऱ्याला डोक्यावरून पाणी. खाली जुनी झाडांची खोडं असतात, कोणाचं तरी तुटलेलं जाळं असतं. वरचं पाणी कोमट आणि वावभर खाली गार, उडी मारली की छाती आवळते. दारू पिऊन उतरलेल्याला यातलं काही कळत नाही. चिपळूणला वाशिष्ठी नदीत मगरी आहेत हे तिथल्या पोरासोरांना माहीत असतं, तुमच्या पाण्यात काय आहे ते तुमच्या गावाला माहीत आहे, ते पाहुण्याच्या कानावर पहिल्या तासात घाला, वेलकम ड्रिंकच्या आधी.

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. आमच्या इथून फार लांब नाही ते, आठवडाभर घराघरात तेच बोलणं होतं. मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलंय, नोंदणी करायची आहे, सुरक्षेच्या अटी आहेत, कायाक भाड्याने देणारे आपल्यातले किती जण ते वाचून बसलेत? मीसुद्धा उशिरानेच वाचलं, ते कबूल करते. पण कागद बाजूला ठेवला तरी काही गोष्टी उद्यापासून करता येतात आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

जॅकेट कुलपात नको, काठावर खुंटीला हवं, लहान मोठ्या सगळ्या मापाचं. घालून झाल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर ते माप चुकीचं किंवा पट्टे ढिले. मुलांना पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच. ट्यूब आणि हवेचे खेळ हे लाईफ जॅकेट नाही, माझ्या डोळ्यांदेखत ती ट्यूब वाऱ्याने गेली. काठावर एक लांब बांबू आणि तरंगणारी दोरी, टोकाला रिकामा पाच लिटरचा कॅन घट्ट झाकण लावून बांधलेला, आत थोडंसं पाणी म्हणजे फेकता येतो. बुडणाऱ्याला आधी काठी द्यायची, नाही पोचली तर दोरी टाकायची, पाण्यात उडी अगदी शेवटी आणि ज्याला शिकवलंय त्यानेच, कारण वाचवायला गेलेला पण जातो, आपल्याकडे एकाच घरातले दोन-दोन, तीन-तीन जण असे गेलेले आहेत. आणि सोबतच्या माणसाला हे शिकवा की बुडणारा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही त्याला, तो ओरडणार कसा. जो गप्प आहे, ज्याचं डोकं मागे आहे आणि जो एकाच जागी उभ्यासारखा दिसतोय त्याच्याकडे बघायचं.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरागरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे आपल्या गावागावात अजून चालतं, कृपा करून थांबवा. त्याने उलटी होऊन ती श्वासनळीत जाते आणि वेळ जातो तो वेगळाच. श्वास नसेल तर उताणा झोपवून आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, ३० दाब आणि २ श्वास, असं सुरूच ठेवायचं आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करायचा. हे वाचून येत नाही, हाताने करून शिकावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं तर आमच्याकडे तरी त्यांनी आनंदाने एका दुपारी दाखवलं, आम्ही बारा जण होतो, बचत गटातल्या बायका धरून.

पैशाचं म्हणाल तर आम्ही सकाळच्या फेरीचे माणशी दीडशे वेगळे घेतो आणि ते सगळे सोबत जाणाऱ्याचे. गावातली दोन मुलं जी सीझनला गोव्याला हॉटेलात भांडी घासायला जायची ती आता इथेच आहेत. एकाला पक्ष्यांचा इतका नाद लागलाय की रविवारी सुट्टी दिली तरी तळ्यावरच असतो.

आणि हे तळं आपलं नाही, ही पण गोष्ट पाहुण्याला सांगायला माणूस लागतो. धामापूरचंच बघा, १५३० मध्ये नागेश देसाईंनी गावकऱ्यांना सोबत घेऊन दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घातला, भगवती देवीच्या देवळाच्या पायऱ्या त्याच पाण्यात उतरतात, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून त्याचा मान झाला, आणि मालवण शहर आजही ते पाणी पितं. आपल्या प्रत्येक तळ्यावर कोणाची तरी वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भाताची शेती आहे, कोणाच्या तरी घरचा नळ आहे. हे कळलं की माणूस साबण लावून आत उतरत नाही आणि बाटली काठावर फोडत नाही, मी हा फरक बघितलाय. तसंच शेकोटीचं. फेब्रुवारी-मार्चला गवत वाळलेलं, एक ठिणगी आणि शेजाऱ्याची काजूची बाग खलास, त्या माणसाचं दहा-पंधरा वर्षांचं काम. शेकोटी लोखंडी घमेल्यातच, बाजूला पाण्याची बादली, आणि झोपायच्या आधी विझवणारा आपला माणूस.

दिवाळीचा सीझन सुरू व्हायच्या आधी, कोजागिरी झाली की पुढच्या रविवारी, आमच्या तळ्यावर आपण सगळे जमूया असं मनात आहे. आसपासच्या कॅम्पवाल्यांना मी घरोघरी जाऊन सांगणार आहे, त्या शेजारच्या कॅम्पलाही, त्यांच्या मॅनेजरने येतो म्हटलंय. तुमच्याकडे कामाला असलेल्या मुलांना पाठवा, विशेष करून ज्यांना पोहता येत नाही त्यांना. सकाळी सहाला या, वारा नसतो तेव्हा. दीर काठी आणि दोरी कशी टाकायची ते दाखवेल, प्रत्येकाकडून वीस-वीस वेळा टाकून घेईल. येताना तुमच्याकडची सगळी लाईफ जॅकेटं गाडीत घालून आणा, एकेक करून पाण्यात घालून बघू, जी बुडतील ती तिथेच कापून टाकू. नाश्ता माझ्याकडे, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, किती जण येणार ते आदल्या दिवशी कळवा म्हणजे मला तेवढं पीठ दळून ठेवता येईल.

तुमची,
तळ्याकाठची एक घरवाली